पुरेल इतकंच औषध

परळच्या टाटा हॉस्पिटलची ओळख महाराष्ट्राला करून द्यायला नको, म्हणून थेट विषयाला हात घालतो. कॅन्सरच्या औषधाचा डोस कमी करता येईल का, हे तपासायचं कुणी? माझ्या मते हे काम सार्वजनिक रुग्णालयांचं आहे. औषध कंपनीकडून ती अपेक्षा धरणं व्यर्थ आहे; आपलाच माल कमी खपावा म्हणून कुणी पदरचा पैसा घालत नाही. शिवाय केमोथेरपीच्या काळापासून रोग्याला सोसेल तितका जास्तीत जास्त डोस द्यायची वहिवाट पडली, ती नव्या औषधांनाही चिकटली.

टाटाच्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांचे दोन शोधनिबंध पाहा. दोन्ही तोंडा-घशाच्या कॅन्सरवरचे, रोग पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांचे. पहिला २०२० सालचा, ४२२ रुग्णांचा. निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनची सलाईन. बाकीच्यांना घरी घ्यायच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. दोन्ही जुन्या, स्वस्त. गोळ्यांवरचे रुग्ण मध्यकाने ७.५ महिने जगले, सलाईनवरचे ६.१. तीव्र त्रास गोळ्यांनी १९ टक्क्यांना झाला, सलाईनने ३० टक्क्यांना. खाट, गाडीभाडं, सोबत्याचा बुडालेला रोज यांचा हिशेब वेगळाच.

दुसरा निबंध २०२२चा, १५१ रुग्णांचा. गोळ्या सगळ्यांनाच होत्या. निम्म्यांना जोडीला निव्होलुमॅब हे महागडं औषध दिलं. त्याचा रूढ डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. इथे दिला दर तीन आठवड्यांनी २०, म्हणजे अठरावा हिस्सा! ४० मिलिग्रॅमच्या कुपीत चार मिलिलिटर औषध असतं. दोन रुग्ण एकाच दिवशी बोलावले की दोन-दोन मिलिलिटरमध्ये एक कुपी दोघांना पुरते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले सुमारे १६ टक्के होते, हे औषध जोडल्यावर ४३. आणि ही अंधारातली उडी नव्हती. पेशींवरची जी जागा हे औषध अडवतं, ती थोड्या डोसनेही जवळपास तितकीच अडते, हे सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं.

इथे थोडं विषयांतर करतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर ॲबिराटेरॉन देतात. २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, उपाशीपोटी. पण अन्नासोबत हे औषध कितीतरी पट जास्त शोषलं जातं. मग २०१८ साली ७२ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला: काहींना उपाशीपोटी चार गोळ्या, काहींना हलक्या न्याहारीबरोबर एकच. रक्तातल्या पीएसएवर, म्हणजे या रोगाचा माग ठेवणाऱ्या घटकावर, परिणाम सारखाच. मागून कुणी तरी ‘पोहे’ म्हणालं. हसू आलं तरी मुद्दा गंभीर आहे. जेवणात तेल-तूप किती, यावर शोषण बदलतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी हा प्रयोग कृपया करू नका. पण चारातल्या तीन गोळ्यांचे पैसे वाचत असतील, तर हजारो रुग्णांवर तो नीट तपासून पाहायला नको का?

एक चिठ्ठी आली आहे: ‘मग गरिबांना दुय्यम उपचार द्यायचे का?’ प्रश्न रास्त आहे आणि तो मला टोचतो. १५१ रुग्णांच्या त्या अभ्यासात लहान डोसची तुलना पूर्ण डोसशी नव्हती, त्यामुळे दोन्ही सारखे आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. तसा दावा मी करत नाही. पण पूर्ण डोस परवडणारे आपल्याकडे मूठभर. बाकीच्यांपुढे लहान डोस की काहीच नाही, एवढीच निवड उरते. दुय्यम उपचार म्हणायचं तर या ‘काहीच नाही’ला म्हणा. आणि पूर्ण डोसशी तुलना करायला हवी, हे तर माझंच म्हणणं आहे.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत, तेव्हा शेवटचं उदाहरण घाईने सांगतो. स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर ट्रास्टुझुमॅब वर्षभर देतात. ब्रिटनमध्ये ४०८९ रुग्णांवर सहा महिने विरुद्ध बारा महिने असा अभ्यास झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ८९.४ टक्के, बारा महिन्यांच्या गटात ८९.८. हृदयाला त्रास झाल्याने औषध थांबवावं लागलं, ते मात्र कमी काळ घेणाऱ्यांत कितीतरी कमी. या अभ्यासाचा पैसा ब्रिटनच्या सार्वजनिक संशोधन निधीतून आला होता.