तीन धारांचा पहारेकरी

मी फौजेतून निवृत्त झालेला, चेन्नईकर मराठी माणूस. कॅडेट असताना इथल्याच काटवनात रांगताना फांदी मोडली आणि चीक डोळ्यात गेला. दोन दिवस डोळा उघडेना. तो त्रिधारी निवडुंग, युफोर्बिया अँटिक्वोरम. नावाला निवडुंग, पण कॅक्टस नव्हे; कॅक्टस मूळचे अमेरिकेचे. आपण त्याच्या तीन धारा मोजतो, तमिळ लोक चार, म्हणून ‘सदुरक्कळ्ळी’. खडकाळ, कोरड्या रानात तो खोडात पाणी साठवून तग धरतो. त्या रानाला आपण ‘पडीक’ ठरवतो आणि सपाट करतो. गिंडीचं २.७ चौरस किलोमीटर रान १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झालं, म्हणून वाचलं. तुमच्या गावचा माळ कोण वाचवणार? जय हिंद.