उधारीच्या वहीपासून मतपेटीपर्यंत

बचत गटाच्या बैठकीत हप्ता जमा झाला, सह्या झाल्या, की आपण लगेच उठतो. पण गट एवढ्यापुरताच असतो का? यावर बोलण्यासाठी आज आम्ही तुम्हाला दूर अमेरिकेत नेतो, साधारण 1870 ते 1900 या काळात.

तेव्हा तिथं रेल्वे, पोलाद, तेल यांचे कारखाने झपाट्यानं वाढत होते. शेतकरी मात्र कर्जात होता. दक्षिणेत कापूस पिकवणारी कुटुंबं हंगामाआधी दुकानदाराकडून बी, खत, पीठ, कापड उधार घ्यायची. त्या बदल्यात उभं पीक तारण. रोखीचा भाव एक, उधारीचा त्याहून चढा. कापूस निघाला की तो दुकानदाराच्याच दारात. भाव पडलेला, म्हणून वहीतलं खातं काही मिटायचं नाही. मग पुढच्या वर्षीही तेच दुकान. आपल्यापैकी कित्येकींना ही वही ओळखीची वाटेल.

टेक्सास राज्यात शेतकऱ्यांनी ‘फार्मर्स अलायन्स’ नावाची संघटना बांधली. तिच्यात बायकाही सभासद होत्या. 1887 मध्ये त्यांनी डॅलस शहरात स्वतःचं खरेदी-विक्री केंद्र काढलं. ज्यांच्याकडे रोख पैसा नव्हता, त्यांनी एकत्र येऊन, एकमेकांना जामीन राहून कागदावर सह्या केल्या. आपण गटात करतो तसंच. पण बँकांनी त्या कागदांवर कर्ज दिलं नाही, आणि 1889 मध्ये केंद्र बंद पडलं.

त्याच सुमारास कापसाच्या गाठी बांधायचं तागाचं कापड व्यापाऱ्यांच्या टोळीनं एकदम महाग केलं. शेतकऱ्यांनी ताग घेणंच बंद केलं, सुती कापडात गाठी बांधल्या. टोळीला भाव उतरवावे लागले. म्हणजे जे आपल्या हातात होतं तिथं एकीनं काम झालं. कर्ज मात्र हातात नव्हतं. त्याचे नियम सरकार आणि बँका ठरवत होत्या.

म्हणून त्यांनी मागणी केली: सरकारनं गोदामं बांधावीत, माल तिथं ठेवावा, किमतीच्या 80 टक्के रक्कम कमी व्याजानं कर्जाऊ द्यावी. भाव चढला की शेतकरी माल विकेल.

1892 मध्ये ‘पीपल्स पार्टी’ उभी राहिली. मिळकत जास्त त्याला कर जास्त, पोस्टात बचत बँक, वरच्या सभागृहाची थेट निवडणूक, गुप्त मतदान, या तिच्या मागण्या. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला 10 लाखांवर मतं पडली. कॅन्सस राज्यात मेरी एलिझाबेथ लीज ही बाई गावोगाव सभा गाजवत होती, तेव्हा तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मतही नव्हतं! 1893 मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या पुरुषांनी मतदान करून बायकांना मताधिकार दिला.

1896 च्या पराभवानंतर पक्ष विरला. मागण्या मात्र जिवंत राहिल्या. 1910 मध्ये पोस्टाच्या बचत बँकेचा कायदा झाला. 1913 मध्ये मिळकतकराची आणि थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती झाली. 1916 मध्ये गोदाम कायदा आला. आपल्याकडेही आज गोदामाच्या पावतीवर, मालाच्या तारणावर कर्ज मिळतं.

पण एक गोष्ट लपवायची नाही. काळ्या शेतकऱ्यांना या संघटनेत प्रवेश नव्हता. त्यांनी 1886 मध्ये आपली वेगळी संघटना काढली. 1891 मध्ये काळ्या मजुरांनी कापूस वेचणीची मजुरी वाढवून मागितली, तेव्हा गोऱ्या संघटनेचे पुढारीच विरोधात गेले. सावकार आणि रेल्वे दोघांनाही सारखेच लुटत होते, तरी हात एकत्र आले नाहीत. त्या फुटीचा फायदा कोणाला झाला, हे सांगायला नको.

मैत्रिणींनो, आपल्या गटात बागायतदारीण आहे, तशी तिच्याच शेतात खुरपायला जाणारीही आहे. खताच्या भावावर आपण सगळ्या बोलतो. मजुरीच्या दरावर बोलतो का? वस्तीवरच्या बायका गटात आहेत का, की त्यांचा गट वेगळाच राहिला?

येत्या बैठकीत हप्ता झाल्यावर अर्धा तास बसा. गावातल्या उधारीचा आणि रोखीचा भाव शेजारी-शेजारी लिहा. जे आपण मिळून आणू शकतो, ते मिळून आणा. जे आपल्या हातात नाही, त्याचा ठराव लिहून ग्रामसभेत द्या आणि पोच घ्या. ठरावाखाली पहिली सही जिची मजुरी सगळ्यात कमी आहे तिची असू द्या.