तास धरून

मी कापडावर काम करते. सुई, दोरा, झाडापानांचे रंग आणि घराघरांतून मागून आणलेलं जुनेर, एवढंच माझं सामान. हे कुठं शिकलीस, असं कुणी विचारलं की कंधारची आमची ओसरी डोळ्यांपुढं येते.

तिथं आजी वाकळ शिवायची. विटलेल्या लुगड्यांच्या घड्या एकीवर एक अंथरून ती आधी मोठे कच्चे टाके घाली आणि मग काठापासून धावदोरा धरी. चारी बाजूंनी फिरत, बोटभर अंतर राखत, ओळीमागून ओळ आत यायची. शेवटी मधोमध हातभर चौकोन उरायचा. माझी ओळ वाकडी गेली की म्हणायची, "तास धर, बाई. तास वाकडा गेल्यावर कोळपं कसं चालावं?" तिच्या लेखी टाक्यांची ओळ म्हणजे तिफणीचा तासच. पुढं एका मृगानंतर मी रानाच्या बांधावर उभी होते. पेर नुकतीच उगवून आली होती. काळ्या मातीवर हिरवे टाके. आजीची वाकळच अंथरलेली दिसली मला.

तरी सुरुवातीला मी वेगळंच करत बसले. पळसाचं फूल दिसलं की हुबेहूब कागदावर काढायचं आणि तेच कापडावर भरायचं. फूल छान दिसे, पण कापडावर चिकटवल्यासारखं. मग येवल्याला पैठणीच्या मागाशेजारी बसले. पदरातल्या पोपटाच्या प्रत्येक रंगाला वेगळी छोटी कांडी असते. विणकर ताण्याचे धागे मोजून तेवढ्यातूनच ती फिरवतो आणि बाजूच्या रंगात अडकवून परत आणतो. म्हणून पोपटाची पाठ गोल वळत नाही, पायरी पायरीनं उतरते. रानातल्या पोपटासारखा तो नसतो आणि तरी पाहताक्षणी पोपटच वाटतो. धाग्यानं आपल्या चालीनं पाहिलेला पोपट आहे तो. आपले चित्रकार प्रभाकर बरवे 1961 पासून काही वर्षं वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करत होते. अशा केंद्रांत चित्रकारांनी विणकरांना नवे नमुने द्यावेत, अशी योजना होती. मला मात्र वाटतं, मागाजवळ बसून चित्रकारांनाच जास्त मिळालं असणार.

परत आले आणि कागदावर काढणं सोडून दिलं. रंग चुलीवर करू लागले. फाल्गुनात आमच्याकडची माळरानं पळसानं पेटतात. फुलं केशरी, पण उकळून तुरटी घातली की कापडावर उतरतो तो पिवळा. सुती कापड नुसतं बुडवलं तर रंग धरत नाही, त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावं लागतं. हिरड्यातल्याच कापडाला गंजक्या लोखंडाचं पाणी दाखवलं, की डोळ्यांदेखत ते काळवंडत जातं. हे पाणी मी मडक्यात करते. खिळे, नालांचे तुकडे, थोडा गूळ आणि पाणी घालून पंधरा-वीस दिवस झाकून ठेवायचं. पहिल्यांदा तो रंग उतरला तेव्हा मी कापड घेऊन थेट शेतात गेले आणि ओल्या ढेकळाशेजारी धरून पाहिलं. जवळ जवळ तोच रंग होता. पळसाचा पिवळा मात्र उन्हाला विटतो, म्हणून तो मी वाकळेच्या आतल्या बाजूला लावते, अंगाला लागेल असा.

सध्या मांडीवर जगत्तुंग समुद्र आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला हा तलाव, पण आम्हा कंधारच्या लोकांना तो लहानपणापासून समुद्रच. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा काठाच्या गाळावर एकीच्या आत एक अशा रेघा राहतात, आदल्या आठवड्यातलं पाणी इथवर होतं, त्याच्या आदल्या आठवड्यातलं तिथवर. या रेघा मी वर्षानुवर्षं पाहिल्या आणि वाकळही वर्षानुवर्षं शिवली. दोन्हींची चाल एकच आहे, हे यंदा वैशाखात उमगलं. बाहेरच्या ओळी लोखंडाच्या काळ्या दोऱ्यानं घातल्या आहेत, आत येताना त्या राखाडी होत चालल्या आहेत. मधला हातभर चौकोन अजून मोकळा आहे. त्याच्यासाठी निळीत भिजवलेला दोरा दांडीवर वाळत घातला आहे.