खाली जमीन किती लांब?



डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी कोरोनाच्या लशीचे ३०० डोस ड्रोनने पोचले. रस्त्याने चाळीस मिनिटं, ड्रोनला साधारण नऊ. ती बातमी वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे आपला धडगावचा डोंगराळ भाग आहे. आपल्या पाड्यांवरून आजही आजारी माणूस बांबूच्या झोळीतून खाली आणतात, नर्मदाकाठच्या गावांना दवाखाना बोटीतून येतो. तिथं सर्पदंशावरचं औषध वेळेत उतरलं पाहिजे. उडणं आता सोपं झालंय. चालवणारा नसताना शेवटचे दहा मीटर उतरणं अवघड आहे, कारण तेवढ्या वेळात ड्रोनला सारखं कळायला हवं की खाली जमीन किती लांब आहे.

बहुतेक ड्रोनमध्ये हवेचा दाब मोजणारी चिप असते. एक मीटर वर गेलं की दाब सुमारे १२ पास्कलने घटतो, त्यावरून उंची काढतात. तीच चिप माझ्या या मोबाइलमध्ये आहे. मोबाइल टेबलावर ठेवला, आकडा स्थिर झाला. आता जरा तो उभा पंखा याच्याकडे वळवा. बघा, मोबाइल जागचा हललेला नाही, पण आकडा हलतोय. ड्रोन जमिनीजवळ आला की त्याच्याच पात्यांची हवा खाली दाबली जाते आणि नेमक्या त्याच वेळी ही चिप चुकते. शिवाय सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्यात दाब तीन-एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे पंचवीस मीटरची तफावत!

उपग्रहांवरून मिळणारी उंची आडव्या स्थानापेक्षा कच्ची असते आणि दरीत निम्मं आकाश डोंगरच झाकतो. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ही दोन्ही साधनं उंची दुसरीकडून कुठून तरी मोजतात. धडगावला शून्य धरून निघालेला ड्रोन दोनशे मीटर उंचावरच्या पाड्यावर टेकला, तरी चिपच्या हिशेबाने तो दोनशे मीटर हवेतच आहे.

म्हणून जमिनीलाच विचारणारं साधन हवं. ध्वनिलहरींचं स्वस्त आहे, पण चार-पाच मीटरपुढे चालत नाही, आणि गवत आवाज गिळतं. लेझर काही सेंटिमीटरपर्यंत नेमकं सांगतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्यावर मात्र तो फसतो. नितळ पाण्यात किरण आत शिरतो नाहीतर भलतीकडे परावर्तित होतो. आणि तिथला काठ ऋतूगणिक सरकतो, म्हणजे उन्हाळ्यात नोंदवलेली जागा पावसाळ्यानंतर पाण्याखाली. रडार पाण्यावर चालतं, पात्यांनी उडवलेल्या धुळीतूनही चालतं. पण त्याचा झोत रुंद, उतारावर तो वरच्या बाजूची जमीन आधी पकडतो.

तेव्हा एकावर विसंबता येत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या चांद्रयान-३ वर लेझर होता, रडार होतं, कॅमेरेही होते. पण नुसती संख्या वाढवूनही भागत नाही. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेल्ली यान मंगळावर आदळलं. रडार ठीक होतं. गिरकी मोजणारं उपकरण सेकंदभर चुकलं आणि त्या चुकीतून संगणकाने हिशेब काढला की आपण जमिनीच्या खाली आहोत. यान तेव्हा ३.७ किलोमीटर वर होतं. इंजिनं तीन सेकंदांत बंद झाली. अशक्य उत्तर नाकारायला त्या संगणकाला शिकवलेलं नव्हतं, याची मला आजही हळहळ वाटते.

आपल्या डोंगरासाठी मी लेझर आणि छोटं रडार, दोन्ही लावीन. दोघांचे आकडे जुळले तरच खाली. नाही जुळले तर वर थांबून पुन्हा मोजायचं, तरीही नाही जुळले तर औषध घेऊन परत. दाबाची चिप वाटेवरच्या प्रवासापुरती ठेवीन.

इथं बसलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना माझी विनंती आहे. ड्रोन विकत घ्यायच्या आधी एक लेझर काठीला बांधा आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे जा. सारवलेलं खळं, सागाच्या वाळल्या पानांचा थर, ओला खडक, पावसात गढूळ झालेलं नर्मदेचं पाणी, या सगळ्यांवर तो धरा. शेजारी टेप लावून दोन्ही आकडे वहीत लिहा. एकदा ज्येष्ठात जा, एकदा श्रावणात. येताना ती वही माझ्याकडे आणा, आपण बसून बघू.