भातखाचरातला उंदीर



कोकणातलं भात पोटरीत आलं की बांधावर नजर ठेवा. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला, की आत काळा उंदीर आहे असं समजा. खाचरात पाणी असतं, म्हणून तो बांधात घर करतो. फुटवे तिरके कापतो, लोंब्या ओढून नेतो आणि बिळातल्या कोठारात साठवतो. दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं त्याला चुकत नाही.

पीक पक्व होऊ लागलं, की त्याची वीण वाढते. मादी सुमारे 3 आठवड्यांत विते आणि एका वेळी बहुधा 5 ते 8 पिलं देते. म्हणून उपाय वीण वाढण्याआधीच हवा. बांध अरुंद आणि तणमुक्त ठेवा. साऱ्या वाडीने एकाच वेळी मोहीम घ्या, नाहीतर शेजारच्या खाचरातले उंदीर पुन्हा येतील. धामण आणि गव्हाणी घुबड हे आपले सोबती आहेत, त्यांना मारू नका.

उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल, तर चिखलात उतरण्यापूर्वी ती झाका. ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा.