आपत्तीचा सातबारा

दुर्घटनेनंतरच्या शोकसभेत कुणीतरी म्हणतंच, की निसर्गाला गरीब-श्रीमंत कळत नाही. निसर्गाला कळत नसेलही. आपल्या कागदांना मात्र चांगलं कळतं.

30 सप्टेंबर 1993. विसर्जन उरकून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा परिसर हादरला आणि भक्कम म्हणून नावाजलेली घरं आधी बसली. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, आत चिखल आणि दगडगोटे, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा आणि गावात इभ्रत, दोन्ही त्याच मातीतून मिळायचं. गळती थांबवायला वर नवी माती पडत राही, ओझं वाढत जाई. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकत्र धरणारे लांब दगड नव्हते. भिंती फुगून फुटल्या आणि माळवद माणसांवर आलं. कुडाच्या खोपटात निजलेला मजूर पुष्कळ ठिकाणी वाचला. म्हणजे दुबळा तोच नेहमी आधी मरतो, हेही सरसकट खरं नाही.

आता पुढचं बघा. 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली, जागतिक बँकेचं कर्ज आलं. कुणाला केवढं घर, हे ठरलं जमिनीवरून. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. शेतकऱ्याला औजारं, धान्य, जनावरं यांना जागा लागते, हे मान्य. पण मजुराच्या घरातही माणसंच राहतात, आणि ती सातबाऱ्याच्या हिशेबानं जन्मत नाहीत. भूकंपानं जी उतरंड काही क्षण मोडली, ती पुनर्वसनानं सिमेंटमध्ये पक्की केली. फिल ओकीफ, केन वेस्टगेट आणि बेन विझ्नर यांनी 1976 मध्येच 'नेचर'मधून बजावलं होतं, की आपत्तीला नैसर्गिक म्हणणं सोडा आणि माणसं धोक्यात का राहतात ते तपासा.

इर्शाळवाडीकडे त्याच नजरेनं पाहावं लागतं. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत, ठाकर आदिवासींची वस्ती. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ताच राहिले. वर जायला पायवाट. यंत्रं चढेनात, म्हणून कुदळ-फावड्यानं ढिगारा उपसावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं, असं विधानसभेतच सांगण्यात आलं. उतार किती, मातीचा थर केवढा, पाऊस किती पडला, हे भूवैज्ञानिकानं मोजावंच. पण वरकस जमीन कुठे आहे, खाली घर बांधायचं तर जागा कुणाच्या मालकीची, मत मागायला पोचणारा माणूस रस्ता घेऊन का पोचत नाही, हे कुठल्या यंत्रावर उमटणार? ते विचारावं लागतं, आणि दरड पडण्याआधी विचारावं लागतं. पंचनामा करणारा कायम उशिराच येतो.

किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादकडे एक बरं काम झालं, ते सांगतो. न हलवलेल्या गावांत घरांची दुरुस्ती सुरू झाली, तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. सरकारी योजना घरोघरी समजावणं, भिंत कशी मजबूत करायची ते शिकून शेजारणीला दाखवणं, काम अडलं की अधिकाऱ्यांना गाठणं, अशी त्यांची कामं. आमच्या विद्यापीठी प्रश्नावल्यांपेक्षा मला त्यात जास्त संशोधन दिसतं. डोंगरातल्या वाड्यांत हेच एप्रिल-मेमध्ये व्हायला हवं. उताराला भेग कुठे पडली, कोणता झरा एकाएकी गढूळ झाला, कोसळता पाऊस लागला तर म्हाताऱ्यांना कुठे हलवायचं, हे वाडीतल्या बाईनं वहीत नोंदवावं. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगून लिहून घ्यावं. वहीची एक प्रत तलाठ्याकडे जावी आणि ती मिळाल्याची त्याची सही वाडीत राहावी.