आरोग्याच्या माहितीला समान माप हवे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



रुग्णालयांतील संगणकांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, हा विषय आपल्या अभ्यासवर्गात ठेवला गेला याचे काहींना नवल वाटले असेल. हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, चळवळीने त्यात लक्ष का घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, माप ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा हा फार जुना राजकीय प्रश्न आहे आणि आरोग्याच्या क्षेत्रात तो आज नव्या वेषात आपल्यापुढे उभा आहे.

दशमान वजनमापे येण्यापूर्वी आपल्याकडे शेर आणि पायली ही मापे ठिकठिकाणी वेगळी होती. घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला हा घोळ सोयीचा होता. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रुजलेला नाही. १९५६ च्या कायद्याने देशभर एकच मापपद्धती आणली, ती शासनाच्या अधिकाराने. रेल्वेचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. १८७० च्या सुमारास खर्च वाचविण्यासाठी सरकारने रुंद मार्गाच्या जोडीला मीटरमापी मार्ग स्वीकारला. पुढे मिरज जंक्शनवर काही काळ रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत होते. एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरल्याशिवाय तो पुढे जात नसे. हे दुखणे मुळापासून काढण्याची एकमापी रुंदीकरणाची योजना हाती घेण्यास १९९२ साल उजाडले. सुरुवातीला वाचविलेल्या पैशाची किंमत समाजाने शंभराहून अधिक वर्षे भरली.

आज आपल्या आरोग्यव्यवस्थेत हीच चढउतार चालू आहे. फरक एवढाच की येथे ओझे रुग्णाच्या आणि आरोग्यसेविकेच्या डोक्यावर आहे.

माप नसल्याची किंमत

बीडमधील ऊसतोड मजूर कुटुंब वर्षाचे जवळजवळ सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या तळावर राहते. बाईच्या गरोदरपणाची नोंद गावच्या उपकेंद्रात असते, बाळंतपण भलत्याच तालुक्यात होते, आणि मुलाच्या लशींचा कागद स्थलांतरात हरवतो. क्षयाच्या रुग्णाचे तेच. नोंद माणसाबरोबर गेली नाही की तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. दुबार तपासणीचा पैसा कोठून येतो, हे यावरून ध्यानात यावे.

याच मजूर स्त्रियांच्या बाबतीत दुसरी, अधिक भीषण गोष्ट घडली. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ही संख्या कळण्यासाठी घरोघर विचारत हिंडावे लागले. शस्त्रक्रिया झाल्या त्या रुग्णालयांत नोंदी असणारच, परंतु त्या एका मापात, एका ठिकाणी मोजता येतील अशा नव्हत्या. जे मोजता येत नाही त्याचा जाब विचारता येत नाही. समान मानकांचा प्रश्न आपला आहे तो या अर्थाने.

मानक म्हणजे काय?

यात तीन गोष्टी येतात. पहिली, पाकीट. माहिती कोणत्या आकारात बांधून पाठवायची याचा करार. ‘हेल्थ लेव्हल सेव्हन’ ही संस्था १९८७ पासून हे काम करते. तिचे ‘फायर’ या नावाने ओळखले जाणारे मानक आज अनेक देशांत रूढ होत आहे आणि ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. दुसरी, पाकिटातली भाषा. एक डॉक्टर ‘हार्ट अटॅक’ लिहितो, दुसरा ‘एमआय’ लिहितो. माणसाला दोन्ही कळतात, यंत्राला ती दोन वेगळी दुखणी वाटतात. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, इंग्लंडमध्ये मिलिमोलमध्ये. आपली १८० ती त्यांची १०. एकक न लिहिता नुसता आकडा पाठविला तर अनर्थ ठरलेला. तिसरी गोष्ट म्हणजे ओळख. ही नोंद याच माणसाची आहे, याची खात्री.

भाषा एक करण्याचा प्रयत्न संगणकापेक्षा फार जुना आहे. मृत्यूच्या कारणांना सर्व देशांनी एकच नावे द्यावीत, हा विचार १८५३ च्या ब्रुसेल्स येथील सांख्यिकी परिषदेत पुढे आला. १८९३ साली बर्टिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली यादी मान्य झाली. १९४८ पासून तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. पटकी कोणत्या देशात किती मारते हे जगाला तुलनेने कळू लागले ते अशा सार्वजनिक कष्टांमुळे. ही यादी तयार करण्यात कोणाही व्यापाऱ्याला नफा दिसला नव्हता.

बाजार हे का करीत नाही?

केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेत देणारा आणि घेणारा यांच्या ज्ञानात मोठी तफावत असते आणि त्यामुळे तेथे बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत. रुग्णाची नोंदच रुग्णालयाच्या ताब्यात राहिली की ही तफावत आणखी रुंदावते. शिवाय सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचे गणित साधे असते. रुग्णालयाच्या दहा वर्षांच्या नोंदी तिच्याच खासगी आकारात साठल्या, की ते रुग्णालय दुसरीकडे जाऊ शकत नाही. मग देखभालीचा दर ती म्हणेल तो. मोठ्या रुग्णालयाचेही तसेच आहे: नोंद बाहेर गेली नाही तर रुग्णही बाहेर जात नाही. मानकाचा लाभ साऱ्या समाजाला होतो आणि त्याचा तोटा मोजक्या बलिष्ठांना होतो. अशी वस्तू बाजार आपण होऊन निर्माण करील, ही आशा व्यर्थ आहे.

अमेरिकेचा अनुभव याला साक्ष आहे. २००९ च्या कायद्यानंतर तेथील सरकारने रुग्णालये व डॉक्टर यांनी संगणकीय नोंदी ठेवाव्यात म्हणून ३० अब्ज डॉलरांहून अधिक अनुदान वाटले. संगणक आले, परंतु ते एकमेकांशी बोलेनात. माहिती अडवून धरण्याचे प्रकार चालू असल्याचा अहवाल २०१५ साली सरकारच्याच कार्यालयाने तेथील संसदेला दिला. मग २०१६ साली अडवणुकीला बंदी करणारा कायदा आला. सॉफ्टवेअर कंपन्यांना दर अपराधामागे दहा लाख डॉलरांपर्यंत दंड ठरला, आणि त्या दंडाची अंमलबजावणी सुरू होण्यास सप्टेंबर २०२३ उजाडले. पैसा आधी आणि माप मागाहून, असा हा उलटा क्रम होता.

तथापि शासनाने वरून एकच यंत्रणा लादली की काम भागते, असेही समजू नये. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ही समाजवादी विचाराची मोठी कमाई. तिथे २००२ साली सुरू झालेला अवाढव्य संगणक कार्यक्रम अब्जावधी पौंड खर्चून २०११ साली गुंडाळावा लागला. कंत्राटे बड्या कंपन्यांना केंद्रातून दिली गेली. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ती यंत्रणा वापरायची त्यांना पुरेसे विचारलेच नाही. उलट डेन्मार्कने १९९४ साली ‘मेडकॉम’ हा सार्वजनिक उपक्रम सुरू करून लहान पावले टाकली: औषधचिठ्ठी, प्रयोगशाळेचा अहवाल, रुग्णालयातून सुटतानाचे पत्र, अशा रोजच्या कागदांचे आकार एकेक करून सर्वांनी मिळून ठरविले. यंत्रणा अनेक राहिल्या, माप एक झाले. समन्वय याचा अर्थ हाच.

आपल्याकडे काय चालले आहे?

आपल्या केंद्र सरकारने अशा नोंदींची मानके २०१३ साली जाहीर केली, २०१६ साली सुधारली. वैद्यकीय शब्दांचा ‘स्नोमेड’ हा कोश भारत २०१४ साली सभासद झाल्यामुळे देशात विनामूल्य वापरता येतो. या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेत आहे. सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. त्यात चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आहे, नोंदी जेथल्या तेथे ठेवून रुग्णाच्या संमतीने त्यांची देवाणघेवाण करण्याची रचना आहे. ही रचना तांत्रिक दृष्ट्या विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. केवळ सरकार विरोधी विचाराचे आहे म्हणून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

उणीव आहे ती दुसरीकडे. खासगी रुग्णालयांना हे सारे ऐच्छिक आहे. त्यांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना सहभागासाठी चार कोटी रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याची योजना २०२३ साली सुरू झाली. अडवणूक केल्यास शिक्षा मात्र नाही. रुग्णालयांच्या नोंदींविषयी बंधने घालणारा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आणि सार्वजनिक सेवेत? तेथे क्षयासाठी एक पोर्टल, माता-बालकांसाठी दुसरे, असंसर्गजन्य रोगांसाठी तिसरे, साथींसाठी चौथे. त्याच बाईचे तेच नाव, तेच वय आरोग्यसेविका आणि आशा पुन्हा पुन्हा भरतात, शिवाय वही लिहितात ती वेगळीच. ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही आशांच्या संघटनांची मागणी आळसातून आलेली नाही. यंत्रांमध्ये समन्वय नाही, म्हणून तो समन्वय माणसाच्या फुकट श्रमांतून केला जात आहे. मिरजेच्या फलाटावरचा हमाल निदान मजुरी घेत होता.

एक धोका डोळ्यांआड करून चालणार नाही. माहिती सहज वाहू लागली की ती नको त्या घरीही वाहते. क्षय, मनोविकार, गर्भपात यांच्या नोंदी विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडल्या तर काय होईल, हे सांगायला नको. २०२१ च्या लसीकरणात आधार दाखविणाऱ्या अनेकांचे आरोग्य-ओळख क्रमांक त्यांना धड ठाऊक नसताना तयार झाल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या होत्या. आरोग्याच्या माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१८ साली निघाला, तो तेथेच राहिला. २०२३ च्या सर्वसाधारण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही. समान माप आणि कडक कुलूप या दोन्ही मागण्या एकदमच केल्या पाहिजेत.

आपण काय मागावे?

पहिली मागणी: महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या सरकारी पैशाचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला ही मानके बंधनकारक असावीत, जिल्हा परिषद वा महापालिका सॉफ्टवेअर विकत घेईल तेव्हा कंत्राट संपताना सर्व नोंदी मानक आकारात परत देण्याची अट करारात असावी.

दुसरी: क्षेत्रीय पातळीवर नोंद एकदाच घेतली जावी आणि यंत्रांनी ती आपापसांत वाटून घ्यावी. अधिक कामाला अधिक मोबदला मिळावा.

तिसरी: रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रे देण्याचा नियम २००२ पासून आहे. आता त्याला घरी सोडतानाच, न मागता, कोठेही वाचता येईल अशी नोंद आणि मराठीतला कागद मिळाला पाहिजे. ‘आभा’ क्रमांक नाही म्हणून कोणाचे उपचार अडता कामा नयेत.

चौथी: आरोग्याच्या माहितीसाठी स्वतंत्र कायदा व्हावा; विमा कंपन्या आणि मालक यांना तिच्यापासून दूर ठेवावे.

पाचवी: मानके ठरविणाऱ्या समित्यांवर तज्ज्ञ आणि उद्योजक यांच्या जोडीला परिचारिका, आशा आणि रुग्णसंघटना यांचे प्रतिनिधी असावेत.

यातील निम्म्या मागण्यांसाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. आरोग्य हा राज्याचा विषय आहे आणि नगरपालिका, जिल्हा परिषदा येथे आपले कार्यकर्ते काम करतात. आपापल्या गावी परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. एका बाळंतपणाची नोंद किती वह्यांत आणि किती पोर्टलांवर होते, याची मोजदाद करा. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचे कंत्राट माहितीच्या अधिकाराखाली मागवा आणि त्यात नोंदी परत देण्याची अट आहे की नाही ते पाहा. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना ही टिपणे बरोबर आणावीत, म्हणजे आपल्याला निवेदन तयार करता येईल.